सुपात घेतलेला दगडू

५ जानेवारी, रविवार

श्रेयसच्या ऑफिसातून ही डायरी आली. तो म्हणाला, आई तू घे, मी सगळं मोबाईलवर लिहितो. जाड कागद आहे, रद्दीत टाकवत नाही. पाचवी झालेय माझी, लिहिता येतं. कुणी वाचायची नाही. वाचली आणि झोंबलं तर माझ्याकडे यायचं नाही.

आज भाऊजी आले होते. माझे मोठे दीर, मार्तंड कोळथरकर, राहणार बोरिवली. ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रात हिशेबखात्यात होते, पण बोलतात असे की अणू यांनीच फोडला. रिटायर झाल्यापासून कोळथरकरांचा कुलवृत्तांत हातात घेतलाय. कोळथरकर आडनावाच्या झाडून सगळ्यांचं पुस्तक. कोण कुणाचा मुलगा, कुठे नोकरी, कुणाशी लग्न. पहिली आवृत्ती माझं लग्न झालं त्या सालची. त्यात माझं माहेरचं आडनाव आहे, जन्मगाव आहे, आणि शिक्षणापुढे नुसती आडवी रेघ. मी तेव्हाच म्हटलं होतं, पाचवी म्हणजे रेघ नाही. भाऊजी म्हणाले, दहावीच्या खालचं छापत नाहीत.

आता दुसरी आवृत्ती पाडव्याला काढणार आणि त्यात विज्ञान घालणार. पुरुषांच्या अंगात वाय म्हणून काहीतरी असतं म्हणे, बापाकडून मुलाला जसंच्या तसं जातं, पिढ्यान्‌पिढ्या. गालाच्या आत कापसाची काडी फिरवायची आणि लॅबला पाठवायची. लॅब सांगणार, आपला मूळ पुरुष कुठून आला. भाऊजींना ते आधीच ठाऊक आहे. रशियाच्या खालच्या गवताळ माळावरून, घोड्यावर बसून.

"आणि बायका?" मी विचारलं.

"बायकांत वाय नसतो, वसुधा."

"मग आम्ही कशावर बसून आलो?"

नानांना चहाचा ठसका लागला. नाना म्हणजे माझा नवरा. भाऊजी काही हसले नाहीत. म्हणाले, प्रत्येक शाखेतून दोन नमुने हवेत, एक जुन्या पिढीचा, एक नव्या. जुन्या पिढीचे ते स्वतः. त्यांना एकच मुलगी, ऋता, ती कॅनडात. म्हणून माझा श्रेयस पाहिजे. एरवी श्रेयस बारावीला नापास झालेला पोरगा, आज एकदम कोळथरकरांचा वारस.

नऊ महिने पोटात मी वागवला आणि काडी फिरवून नाव निघणार घोडेवाल्यांचं. मी सांगून टाकलं, माझ्या मुलाची थुंकी मिळणार नाही.

आतून सासूबाई ओरडत होत्या, "कोण आलंय? काय आणलंय?" बेल वाजली की हेच. पाडवा ते दसरा त्या बोरिवलीला, दसरा ते पाडवा आमच्याकडे मुलुंडला, अशी दोन भावांनी आईची वाटणी केलीय. पाडव्याची वाट त्यांच्यापेक्षा मी जास्त बघते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ घ्या, गोड बोला. मी घेतला आणि भांडले.

श्रेयस परस्पर बोरिवलीला जाऊन काडी फिरवून आला. "आई, कापूसच आहे गं, किडनी नाही दिली." मला न विचारता गेलास कसा, म्हटलं. तर म्हणाला, मोठ्या काकांनी पहिल्यांदाच पाठीवर हात ठेवला.

हे ऐकून आणखी डोकं फिरलं. लाडू असे वळले की दगडासारखे झाले.

९ फेब्रुवारी, रविवार

दूधवाल्याने बेल मारली. सासूबाई काठी न घेता दारापर्यंत गेल्या, पडता पडता वाचल्या. नव्वदीला आल्यात. डोकं म्हणजे नळाचं पाणी झालंय, येतं आणि जातं.

"दार लाव, दार लाव," म्हणाल्या. "ती बसली असेल."

"कोण बसलंय? दूधवाला आहे."

"त्याला विचार काय आणलंय."

"दूध आणलंय. दुसरं काय आणणार तो?"

मग दुपारभर कण्हणं. माझी कंबर गेली त्यांना उचलून. संध्याकाळी भाऊजी आले तेव्हा सासूबाई पलंगावर नवरीसारख्या बसलेल्या. दगडू आला, दगडू आला. भाऊजींना घरात दगडू म्हणतात. त्यांच्या आधीची दोन मुलं बारशाआधीच गेली होती. म्हणून हे झाले तेव्हा जुन्या लोकांचा तोडगा केला. मूल सुपात घालून मागच्या दाराने एका मिठागरातल्या बाईकडे दिलं आणि तिच्याकडून सूपभर कोंड्यावर परत विकत घेतलं, म्हणजे सटवीला वाटावं की हे यांचं नाहीच. घरातल्या बाईने विचारायचं, "काय आणलंस?" तिने म्हणायचं, "दगड." "कुणाचा?" "माझा नाही, तुमचाच." असं तीनदा. ही गोष्ट मी लग्नापासून ऐकतेय. भाऊजी स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगतात, मी कोंड्याच्या भावात आलोय म्हणून, आणि स्वतःच हसतात.

आईच्या पाया पडले, पायाशी बसले, पाय चेपून दिले. पंधरा मिनिटं. मग गेले. पायांचं ते बघतात, बाकी सगळं मी.

२ मार्च, रविवार

आज लिहायची इच्छा नाही. तरी लिहिणार.

सकाळी भाऊजी आणि जाऊबाई दोघं आले. जाऊबाई म्हणजे मृणालिनी, बँकेत होत्या, उगाच येत नाहीत. भाऊजींनी दोन कागद टेबलावर ठेवले. बाकीच्या शाखांचे रिपोर्ट अजून यायचेत, आमच्या शाखेचे दोन आधी आले. भाऊजींच्या वायचा गट एच. श्रेयसचा आर-वन-ए.

"म्हणजे?" नाना म्हणाले.

"म्हणजे एकाच आजोबांचे वंशज असते तर गट एकच आला असता."

गंमत अशी की आर-वन-ए म्हणजेच तो घोडेवाला गट, ज्याच्यासाठी हे दोन महिने नाचत होते. तो माझ्या पोराला आला आणि यांना नाही. मला वाटलं, आता लॅबच्या नावाने शंख करतील. तसं काही नाही. घोड्यावरून कधी उतरले ते कळलंही नाही. "आपण इथलेच," म्हणाले. "एच हा इथला फार जुना गट. हजारो वर्षांचा. बाहेरून आलेले ते दुसरे." आणि श्रेयसकडे बघितलं.

मला कळायला वेळ लागला. नंतर कळलं, श्रेयस नानांचा नाही असं सुचवताहेत.

"नीट बोला काय ते," मी म्हटलं.

जाऊबाई म्हणाल्या, "वसुधा, कुणी काही म्हणत नाहीये. पुस्तकात चुकीचं जाऊ नये एवढंच."

"म्हणत नाहीयेत तर दोघं मिळून कशाला आलात? पेढे द्यायला?"

आतून सासूबाई, "काय आणलंय? काय आणलंय?"

भाऊजी म्हणाले, श्रेयसचं नाव तूर्त वगळतो, चौकशी होईपर्यंत. श्रेयस उठून खाली निघून गेला. चपला न घालता.

मी नानांकडे बघितलं. तेहतीस वर्षांचा संसार. नाना टेबलावरचे खारे दाणे एकेक उचलून बशीत ठेवत होते.

३ मार्च, सोमवार

नानांशी बोलणं बंद. रात्री म्हणाले, "मी कुठे काय म्हटलं?" तेच तर. काही म्हटलंच नाही.

सकाळी ती काडी दुसरी मागवली सिद्धेशकडून. सिद्धेश म्हणजे चुलतदिराचा मुलगा, मरोळला राहतो, पुस्तकाचं टायपिंग करतो. आल्या आल्या नानांसमोर धरली.

"अहो, तोंड उघडा."

"कशाला उगाच वाढवतेस? मला ठाऊक आहे ना."

"ठाऊक होतं तर काल दाणे का मोजत होता? तोंड उघडा. नाहीतर आजपासून जेवायला बोरिवलीला जायचं."

उघडलं. मी स्वतः फिरवली काडी, दोन्ही गालांतून, घासून. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. काडीने आलं की कशाने, मी विचारलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. श्रेयस घरात बसून. बोरिवलीच्या ग्रुपवरून त्याला काढलंय. मला आधीपासूनच घेतलं नव्हतं, म्हणून काढायचा प्रश्न नाही.

सासूबाई विचारतात दगडू का येत नाही. मी म्हटलं, तुमचा दगडू माझ्या घरावर दगड मारून गेलाय. त्या म्हणाल्या, "असू दे गं, लहान आहे." अडुसष्ट वर्षांचा.

२३ मार्च, रविवार

सिद्धेश स्वतः आला. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणाला. पाणी प्यायला, पुन्हा पाणी मागितलं.

"काकू, बाकीच्या शाखांचे आले. अंधेरी, घाटकोपर, कोळथरे, सगळे आर-वन-ए. नानाकाकांचा तोच. श्रेयसचा तोच, अगदी शेवटपर्यंत जुळतोय. श्रेयस बरोबर आहे."

"ते मला ठाऊक होतं. पुढे बोल."

"न जुळणारे एकटे मार्तंडकाका आहेत."

खोटं का बोलू, मला असा आनंद झाला की शिरा केला. सिद्धेशला दोनदा वाढला. नाना खाईनात. त्यांना कळत होतं की आता बोट कुणाकडे जाणार. मला शिरा ढवळतानाच कळलं. श्रेयस नानांचा आणि नाना कोळथरकरांचे. भाऊजी तेवढे नाहीत. मग सासूबाईंनी काय केलं?

तेहतीस वर्षं या बाईने मला नीतीचे धडे दिले. भाजी घेऊन यायला उशीर झाला की दारातच पदराचा वास घ्यायची. श्रेयस सातव्या महिन्यात झाला तर सुईणीला विचारायला गेली की मूल पुऱ्या दिवसांचं आहे का. आणि स्वतः?

बरं झालं, असं वाटलं. लिहून ठेवते, बरं झालं असंच वाटलं.

२४ मार्च, सोमवार

भाऊजी आले. दाढी वाढलेली. सरळ आईच्या खोलीत गेले. पाया पडले नाहीत.

"आई, कोण होता तो?"

सासूबाईंनी बघितलं. डोकं ठिकाणावर होतं, मी शपथेवर सांगते. डोळे असे स्वच्छ. म्हणाल्या, "दगडू, जेवलास का?"

"मी विचारतोय माझा बाप कोण. बाबा नागपूरला नोकरीला होते तेव्हा. कोण यायचं घरी?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"म्हणजे होतं कुणीतरी," भाऊजी म्हणाले. "एवढं तरी सांग की नव्हतं."

त्यांनी ते सांगितलं नाही. एक शब्द 'नाही' म्हणाल्या असत्या तरी भागलं असतं. भाऊजी जाताना मला म्हणाले, पाडव्याला आईला नेणार नाही. वृद्धाश्रम बघतोय. पैसे भरीन, तोंड बघणार नाही.

मी म्हटलं, "मला बोललात तेव्हा दोघं आला होता. आज एकटे?"

जिना उतरून गेले.

२७ मार्च, गुरुवार

सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आज न्हायला घातलं, गच्चीच्या उन्हात खुर्चीवर बसवून केस विंचरत होते. केस कसले, बोटभर शेपूट. मनात होतं तेच तोंडातून गेलं.

"खरंच कोण होता हो?"

"कुणी नव्हता."

"मग भाऊजींना का नाही सांगितलंत? आईला काय काय म्हणत गेले ते."

"म्हणू दे," म्हणाल्या. "वाईट बाई म्हणेल. वाईट असली तरी आई म्हणेल ना?"

फणी माझ्या हातात तशीच राहिली.

मग त्यांनी सांगितलं. डोकं पूर्ण ठिकाणावर होतं, मधे एकदा मला म्हणाल्यासुद्धा, डावीकडे गुंता राहिलाय. तिसरं मूल झालं ते मेलेलंच. सासरे नागपूरला. त्यांच्या सासूने कुणाला कळू दिलं नाही, भल्या पहाटे खाडीकडे नेऊन पुरलं. चौथ्या दिवशी मिठागरातली बाई मागच्या दाराशी आली. नवरा गेलेला, पदरात आधीची तीन, आणि सुपात हे. सासूनेच बोलावलं होतं. शेजाऱ्यांना सांगितलं, आमचंच मूल, तोडगा करतोय. कोंडा असं सगळ्यांना सांगितलं. खरे तांदूळ दिले होते. सासू म्हणाली होती, खरं घेतोय तर खोटं धान्य नको.

"मी विचारलं, काय आणलंस. ती म्हणाली, दगड. कुणाचा? म्हणाली, माझा नाही, तुमचाच. दुसऱ्यांदा पण म्हणाली. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून येईना. मी सूप ओढलं आणि दार लावलं. संध्याकाळपर्यंत बसली होती गं बाहेर. दोनदाच म्हटलेलं. ती येईल न्यायला."

म्हणून ते दार. म्हणून बेल वाजली की ते विचारणं. इतकी वर्षं मी म्हणत होते म्हातारी चळली.

त्यांनी माझा हात डोक्यावर ठेवून शपथ घातली, दगडूला सांगायचं नाही. त्याला कळलं की तो आपला नाही तर तो यायचाच थांबेल.

ते आत्ताही येत नाहीयेत, मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. डोकं गेलं होतं परत.

२८ मार्च, शुक्रवार

शपथ त्यांनी घातली. मी घेतली नव्हती.

रिक्षाने ठाण्याला गेले, तिथून घोडबंदरच्या बसने बोरिवलीला. जाऊबाईंनी दार उघडलं. "अगं, फोन करायचास." मी म्हटलं, चहा नको, कुठे आहेत ते.

भाऊजी गॅलरीत, मांडीवर पुस्तकाची छापायला जायची पानं. मी उभ्यानेच सांगितलं सगळं. मधे बोलू दिलं नाही. खाडी, सूप, तांदूळ, दोनदा म्हटलेलं आणि तिसऱ्यांदा न म्हटलेलं.

भाऊजी पानांच्या कडा जुळवत राहिले. जाऊबाई दारात, हात तोंडावर.

"याला पुरावा काय?" म्हणाले. आवाज बारीक.

"पुरावा तुम्हीच मागवलात. काडी फिरवून."

"मग ती मला सोमवारी का नाही म्हणाली? मी तिला इतकं... तिने ऐकून घेतलं."

"म्हणाल्या, वाईट बाई म्हणू दे, वाईट असली तरी आई म्हणेल."

त्यांनी चष्मा काढला. मी गॅलरीतून खाली बघत राहिले. खालच्या गाड्यांवर कसला तरी पिवळा मोहर पडला होता.

"त्या बाईचं नाव काय होतं?"

"कुणी विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "तुमच्या पुस्तकासारखंच."

आणि आले. परतीच्या बसमध्ये वाटलं, शेवटचं वाक्य नको होतं. पण गेलं ते गेलं. त्यांनी माझ्या पोराला चपलेशिवाय खाली पाठवलं होतं, ते मी विसरणार नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी नानांनी उभी केली, वाकडी. सासूबाईंची बॅग मी भरून ठेवली होती आणि परत काढून ठेवली होती, कारण कोण नेणार.

अकराच्या सुमाराला बेल वाजली.

"कोण आलंय?" आतून. "काय आणलंय?"

मी दार उघडलं. भाऊजी एकटे. पांढरा सदरा. आत येईनात. पायरीवर उभे, खांद्याला नुसती पिशवी, हातात काही नाही, मिठाईसुद्धा नाही. सासूबाई काठी टेकत पॅसेजपर्यंत आल्या. भिंत धरून उभ्या. नजर भाऊजींवर पण ओळख नाही, कुणी परका यावा तसं बघत होत्या. घाबरलेल्या.

"काय आणलंस?"

भाऊजी सदऱ्याची बाही ओढत राहिले. मलाच कंटाळा आला. मी म्हटलं, "दगड."

"कुणाचा?"

भाऊजींनी उंबऱ्यावर हात ठेवला. खाली बसले, तिथेच, पायरीवर, पांढऱ्या सदऱ्यानिशी. म्हणाले, "तिचा नाही. तुमचाच."

सासूबाई उभ्या राहिल्या. ओठ हलत होते, मोजत असाव्यात. मग म्हणाल्या, "झालं तीनदा. दार उघडं राहू दे आता." आणि मला म्हणाल्या, "वसे, बाहेर बघ, तिला पाणी दे."

मी तांब्या भरून पायरीवर ठेवला. काय करणार.

नंतर दोघं बसून रडले, ते मला बघवत नाही, मी स्वयंपाकघरात गेले. श्रीखंडपुरी केली. श्रेयस बाहेर आला नाही. भाऊजी त्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले, बंद दाराला काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. दार उघडलं नाही. बरं केलं त्याने. मलाही सॉरी म्हणाले नाहीत. जेवले मात्र नीट, सात पुऱ्या.

बॅग परत भरली. उचलली तर जड लागली, कपडे तेवढेच असून.

निघताना भाऊजी पिशवीतली ती छापायची पानं घेऊन माझ्याकडे आले, पुस्तक काही पाडव्याला निघालं नव्हतं. श्रेयसचं नाव परत घातलंय, दाखवलं. माझ्यापुढे शिक्षण इयत्ता पाचवी असं टाइप केलंय, तेही दाखवलं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. प्रत्येक पुरुषापुढे आता एक नवा रकाना आहे, मूळ कुठलं ते लिहायला.

"वसुधा, इथे मी काय छापू?"

"आडवी रेघ मारा," मी म्हटलं. "माणूस मरत नाही त्याने."